एकेरीवर आली म्हणजे काय गं?

श्टुटगार्टच्या इस्पितळात आठ महिन्यांपूर्वी रुजू झालेली सांगलीची नर्स लिहिते: 'मावशी, मला शिकवायला नेमलेली प्राक्सिसआनलायटरिन फार तुसडी आहे. चुका पेशंटसमोरच काढते. हल्ली कामापुरतंच बोलते. पहिल्याच दिवशी हात पुढे केला, नुसतं नाव सांगितलं आणि थेट एकेरीवर आली. मी मात्र अजून आदरानेच बोलते. वॉर्ड बदलून मागू का?'

पोरी, मीही तुला 'तू'च म्हणतेय. राग आला? मग त्या बाईचाच का आला?

त्या हाताचं वाक्य तू गाऱ्हाण्यांमध्ये घुसडलंस, मी मात्र तिथेच अडकले. जर्मनमध्ये 'झी' म्हणजे अहो-जाहो आणि 'डू' म्हणजे अगं-तुगं, हे तू बी-२ पातळीच्या भाषेच्या क्लासात घोकलंस. पण 'डू' आधी कोणी म्हणायचं याचाही तिथे रिवाज आहे. वयाने, हुद्द्याने मोठं असेल त्याने. धाकट्याने मग त्याच भाषेत उत्तर द्यायचं. त्या दिवशी तिने तुला घरात घेतलं, आणि तू आठ महिने उंबऱ्याबाहेर उभी राहून 'फ्राऊ (म्हणजे बाई), झी' करत बसलीस. तुझ्या लेखी हे संस्कार. तिला ऐकू येतं, 'बाई, चार हात लांब राहा.' राहिली बिचारी. (आणि आपल्याकडे तरी, विठोबाला कोण अहो म्हणतं?)

प्राक्सिसआनलायटरिनचा हुद्दा उगाच मिळत नाही. हल्ली त्यासाठी किमान ३०० तासांचं वेगळं प्रशिक्षण लागतं. म्हणजे बाईला शिकवायची हौस आहे. पेशंटसमोर चुका काढणं मलाही पटत नाही, ते तिला जरूर सांग. पण 'झी' लावून सांगशील तर ती तक्रार होईल.

वॉर्ड अजिबात बदलू नकोस. तिथली बाईही पहिल्या दिवशी हात पुढे करेल आणि तू पुन्हा फुगून बसशील. उद्या सकाळच्या ड्यूटीला तिला नावाने हाक मार आणि 'डू' म्हण. जीभ अडखळेल, अडखळू दे. आज रात्री आरशासमोर दहा वेळा म्हणून बघ. आमच्याकडे मोठ्यांना नावाने हाक मारत नाहीत, म्हणून इतके महिने लागले, हेही सांग. एवढं जर्मन तुला नक्की येतं.

आणि ती कॉफीला चल म्हणाली, तर 'काम आहे' म्हणून पळू नकोस.