खारीनं घर धरलंय, काय करावं?

सोलापुरात उन्हाळा तोंडावर आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत खारी हटकून असतात. या वेळची निवडक पत्रं आणि त्यांची उत्तरं खाली देत आहोत. बहुतेकांनी ‘मारायची इच्छा नाही, पण जगू देईनात’ असं लिहिलं आहे. मारायची वेळ येतच नाही. काम फक्त क्रमानं करावं लागतं.

आमचं पत्र्याचं घर आहे, खाली पीओपीची सीलिंग. शेजारीच यंत्रमाग चालतात. दिवसभर सीलिंगवर पळापळ असते आणि फटीतून रंगीत सुताचे धागे लोंबतात. फट बुजवून टाकली तर चालेल का? (एक भगिनी, साखर पेठ)

लगेच बुजवू नका, ताई. सूत दिसतंय म्हणजे वर घरटं आहे. खार गवत, काथ्या, कापूस असं मऊ जे मिळेल ते घरट्यात भरते आणि तुमच्या शेजारी टॉवेलचा भुगा नि सुताचा गुंता आयताच पडलेला असतो. घरटं असेल तर पिल्लं असू शकतात. पिल्लं आत आणि आई बाहेर अशी फट बुजली तर आई पीओपी, लाकूड, वायर, जे आड येईल ते कुरतडून आत शिरते. ती शिरू शकली नाही तर पिल्लं आत मरतात. पत्र्याखालच्या उष्णतेत त्याचा वास किती दिवस राहतो हे सांगायला नको.

आधी पाहणी करा. सकाळी सात ते नऊ आणि संध्याकाळी चार ते सहा या वेळांत अंगणात बसून खार कुठून जाते-येते ते बघा. दीड इंचाची फट तिला पुरते. पत्रा आणि भिंत यांच्या मधली जागा, पन्हळीची टोकं, डिशची वायर आत घेतलेलं भोक, गळतीच्या पाइपाची बाजू या नेहमीच्या वाटा. कडा घासून काळपट, तुकतुकीत झालेली फट वापरातली समजायची.

मग वर्तमानपत्राचा सैल बोळा करून दिवस मावळल्यावर त्या फटीत बसवा. सकाळी बोळा बाहेर पडलेला असेल तर कुणीतरी आतून ढकललाय, म्हणजे मुक्काम आत आहे. चिंध्या होऊन आत ओढला गेला असेल तर बाहेरून आलेलीनं नेला. कागदही घरट्याला चालतो. दोन दिवस बोळा जागचा हलला नाही तरच जागा रिकामी धरा.

पिल्लांची खूण म्हणजे बारीक, अखंड चीं-चीं. ती ऐकू आली तर थांबा. एका वेळी साधारण दोन-तीन पिल्लं असतात आणि ती आईच्या दुधावरून सुटून स्वतः हिंडायला दोन-अडीच महिने लागतात. एवढं थांबणं शक्य नसेल तर सीलिंगच्या झडपेतून वर कमी वॉटचा एलईडी दिवा दिवसरात्र चालू ठेवा आणि झडपेजवळ रेडिओ लावा. उजेड-गोंगाट झाला की आई बऱ्याचदा पिल्लं तोंडात धरून दुसरीकडे हलवते. साधा पिवळा बल्ब मात्र सुताच्या भुग्याजवळ मुळीच लावू नका, तो तापतो.

पिल्लं नाहीत किंवा हिंडती झालीत याची खात्री पटली की वापरातली मुख्य फट सोडून बाकी सगळ्या बंद करा. मुख्य फटीवर एकतर्फी वाट लावायची. अर्ध्या इंची जाळीचं नरसाळं करा: भिंतीकडचं तोंड चार-पाच इंचांचं, बाहेरचं दोन इंचांचं, लांबी फूटभर. तारेची टोकं बाहेरच्या बाजूला दुमडा, नाहीतर अंग ओरबाडतं. बाहेरचं तोंड अधांतरी राहिलं पाहिजे. त्याच्याजवळ फांदी, पाइप किंवा भिंतीचा कोपरा असला तर खार तिथून परत आत येते. नरसाळं फसतं ते बहुतेक याच कारणानं. चार दिवसांनी बोळ्याची परीक्षा पुन्हा घ्या. नंतर सकाळी उन्हं वर आल्यावर नरसाळं काढून ती फटही बंद करा.

बंद कशानं करायची हेही महत्त्वाचं. पत्र्याखालची लांब फट सिमेंटनं लिंपू नका. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार असतो, पत्र्याखाली वारा खेळलाच पाहिजे. अर्धा इंच बाय अर्धा इंच घराची जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाची) वेल्डेड जाळी घ्या, तार १८ ते २० गेजची. षटकोनी कोंबडी-जाळी ओढली की उसवते आणि नायलॉनची मच्छरजाळी एका दुपारचीही नसते. वीस फूट भिंतीला ३ फुटी रोलमधली ६ फूट जाळी पुरते: लांबीच्या दिशेनं ९ इंच रुंदीच्या चार पट्ट्या कापा आणि जोडावर दोन-दोन इंच एकमेकींवर चढवा. पट्टीचे ३ इंच भिंतीवर येतील अशी ती काटकोनात वाकवा. वरच्या काठाला इंचा-इंचावर कात्री मारली की दाते तयार होतात, ते पन्हळीच्या खोबणीत दाबून बसतात. भिंतीला गिट्टी (स्क्रू धरून ठेवणारा भोकातला प्लग), स्क्रू आणि वॉशर. लाकडी वाशाला यू-खिळे. चार-पाच इंचांवर एक. पत्र्याला नव्यानं भोकं पाडू नका, पावसाळ्यात गळती लागेल.

लहान गोल भोकात जाळीचा बोळा ठासून वरून एकास चार सिमेंट-वाळू भरा. नुसता फोम भरला तर खार तो कुरतडून तेवढंच घरटं सजवते.

शेवटी घरटं काढा. तोंडाला मास्क, हातात मोजे, आणि काढण्याआधी त्यावर पाणी शिंपडा म्हणजे विष्ठेची धूळ उडणार नाही. जवळची वायर सोललेली आहे का ते मेन स्विच बंद करून बघा. सोललेली तार आणि कापसाचा भुगा एकत्र असणं ही खारीपेक्षा मोठी काळजी आहे.

आमच्याकडे आवाज रात्री दोन-तीनला येतो. तीही खारच का? (विडी घरकुल)

नाही. खार दिवसा हिंडते आणि अंधार पडला की गप्प असते. रात्रीची खुडबुड उंदरांची किंवा घुशीची. त्याचा बंदोबस्त वेगळा, पण फटी बंद करायची जाळी हीच.

डांबरगोळ्या, तिखट, बाजारात मिळणारं आवाजाचं यंत्र, यांपैकी काय चालतं? (जुळे सोलापूर)

डांबरगोळ्या आपल्या उन्हात भराभर उडून जातात आणि तो वास खारीआधी घरातल्या माणसांनाच त्रास देतो. लहान मुलानं गोळी तोंडात घातली तर दवाखाना गाठावा लागतो. यंत्राचा आवाज भिंतीपलीकडे पोचत नाही, शिवाय खारी त्याला सरावतात. पैसे वाचवा.

तिखटाचा एक मर्यादित उपयोग आहे. मिरचीचा जाळ सस्तन प्राण्यांना लागतो, पक्ष्यांना लागत नाही. चिमण्यांसाठी ठेवलेले दाणे खारी फस्त करत असतील तर दाण्यांना किंचित तेल लावून तिखट चोळा. घरात मात्र तिखट उधळू नका, ते पंख्यानं तुमच्याच डोळ्यांत येईल.

विष किंवा गोंदाचा सापळा नकोच. विष खाल्लेली खार सीलिंगमध्ये जाऊन मरते आणि तिला खाणारी मांजरं, घुबडंही मरू शकतात. पिंजऱ्यात पकडून लांब सोडण्याचाही फायदा नाही: फट उघडी असेल तर रिकाम्या जागेत दुसरी खार येते. खार हा वन्यजीव आहे, त्यामुळे पकडायचीच वेळ आली तर आधी वनविभागाला विचारा. राज्याच्या वनविभागाची हेल्पलाइन १९२६.

टाकीत खार पडून मेली. पाणी उपसून टाकलं. एवढं पुरे का? (शेळगी)

पुरे नाही. नळाला रोज पाणी येत नाही म्हणून आपल्याकडे साठवण मोठी. उन्हाळ्यात खार पाण्याच्या वासानं येते आणि गुळगुळीत प्लॅस्टिकवर तिची नखं रुतत नाहीत.

मेलेली खार मोजे घालून पिशवीत घ्या आणि खोल पुरा. टाकी रिकामी करून ब्रशनं घासा, तळाचा गाळ काढा. नंतर हजार लिटरच्या टाकीला १५० ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर घ्या. ती आधी बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या आणि वरचं निवळ पाणीच टाकीत ओता. टाकी भरा, घरातले सगळे नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडा, मग बंद करून एक दिवस तसंच ठेवा. हे पाणी पिऊ नका, झाडांनाही घालू नका. ते सोडून द्या आणि एकदा स्वच्छ पाण्यानं टाकी खळबळा.

एवढं पाणी वाया घालवणं परवडत नसेल, आणि बऱ्याच घरांत परवडत नाही, तर १० लिटर पाण्यात ६ ते ८ ग्रॅम पावडर कालवून त्या द्रावणानं आतून भिंती, तळ आणि झाकण घासा. अर्धा तास थांबून धुवा. पावडर जुनी असेल तर तिचा जोर गेलेला असतो. डबा उघडल्यावर झणझणीत वास यायला हवा. आत उतरणाऱ्यानं झाकण पूर्ण काढावं आणि वर दुसरं माणूस उभं ठेवावं.

पुढच्यासाठी झाकणाला कडी-कुलूप करा. ओव्हरफ्लोच्या पाइपाच्या तोंडावर जाळीचा तुकडा क्लिपनं आवळा. हे तोंड बहुतेक सगळे विसरतात. उघडा हौद असेल तर एक खरखरीत फळी तिरकी सोडून ठेवा, पडलेली खार चढून बाहेर येते. गच्चीच्या दूरच्या कोपऱ्यात उथळ मातीच्या भांड्यात पाणी ठेवलंत तर ती टाकीकडे कमी फिरकेल.

गड्डा जत्रा (सिद्धेश्वराची जानेवारीतली यात्रा) आटोपली की आम्ही कूलर काढतो. यंदा गवतात घरटं निघालं. पिल्लं नव्हती. आता काय तपासू? (होटगी रोड)

प्लग काढलेला असू द्या. तिन्ही बाजूंच्या जाळ्या उतरवा आणि जुनं गवत सगळं टाकून द्या, मुताचा वास धुऊन जात नाही. मग पंपाची वायर बोटांनी टोकापासून टोकापर्यंत चाचपा. दातांची खूण दोन समांतर खाचांसारखी लागते. पाण्यात बुडणाऱ्या वायरवर ती सापडली तर टेप गुंडाळून चालत नाही, पंपाची वायरच बदला. लोखंडी कूलरला अर्थिंग आहे ना हे वायरमनकडून पाहून घ्या. पंख्याच्या मागे, मोटरच्या पट्टीवर घरट्याचा दुसरा भाग दडलेला असतो, तिथे हात घालून बघा. तो राहिला तर पहिल्याच दिवशी धूर निघतो.

हंगाम संपल्यावर कूलर झाकून ठेवायची आपली पद्धत खारीच्या सोयीची आहे: अंधार, आडोसा आणि आयतं गवत. जूनमध्ये गवत काढून टाका, टाकी कोरडी पुसा आणि बाजूच्या जाळ्या न लावता कूलर उजेडात ठेवा. आत घर करण्यासारखं काही उरत नाही.

इंटरनेटची वायर आणि सोलरच्या पाइपावरचा काळा फोम सारखा कुरतडतात. (विजापूर रोड)

खारीचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, ते झिजवायला तिला काहीतरी लागतंच. फोमवर पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा गुंडाळून दोन फुटांवर स्टीलच्या क्लिपा लावा. विजेची वायर साध्या पीव्हीसी पाइपातून नेली तर पाइपही कुरतडला जातो. लोखंडी फ्लेक्सिबल पाइप वापरा, त्याला अर्थिंग जोडा आणि मीटरजवळ ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) बसवून घ्या. इंटरनेटची केबल झाडावरून गच्चीवर आली असेल तर ती खारीचा पूलच असते. केबलवाल्याला दुसऱ्या बाजूनं घ्यायला सांगा. कडुलिंबाच्या फांद्या गच्चीपासून सहा-सात फूट मागे छाटा. नारळ एकटा उभा असेल तर खोडाला पाच-सहा फुटांवर दोन फूट रुंदीचा गुळगुळीत पत्रा गुंडाळा.

अंगणात पिल्लू पडलंय, डोळे मिटलेले. दूध पाजू का? (साखर पेठेजवळून फोनवर आलेला प्रश्न)

गाईचं दूध नको. पिल्लाला जुलाब होतात आणि पाजताना दूध श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. उथळ खोक्यात सुती कापडावर ठेवा, खाली कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून द्या आणि खोका त्याच झाडाखाली, मांजर पोचणार नाही असा सावलीत ठेवा. माणसांनी दूर व्हावं. आई शोधत येते आणि उचलून नेते. माणसाचा हात लागला म्हणून ती टाकून देते हा समज खोटा. अंधार पडेपर्यंत आली नाही किंवा पिल्लाला जखम असेल तर १९२६ ला फोन करा.

गच्चीवर शेंगा वाळत घातल्या होत्या, हाकलताना मुलाच्या बोटाला खार चावली. रेबीजची इंजेक्शनं घ्यावी लागतील का? (अक्कलकोट रोड)

जखम आधी वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा; हळद, चुना काही भरू नका. खारीपासून रेबीज होणं फार विरळ आहे, त्यामुळे लस सहसा लागत नाही. पण तो निर्णय डॉक्टरांचा, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन राहिलं असेल तर तेही तिथेच घेता येईल. म्हणून त्याच दिवशी जाऊन या. शेंगांवर उरलेली वेल्डेड जाळी लाकडी चौकटीला ठोकून झाकण म्हणून ठेवा. ऊन लागतं, दाणे राहतात.