बीटरवर नजर ठेव

क्वाडबॉल म्हणजे हॅरी पॉटरमधल्या क्विडिचवरून आलेला, पायांत दांडा धरून खेळायचा खेळ. त्याच्या विश्वचषकाचे सामने नव्यानेच बघायला लागला असशील, तर आधी एक सवय मोड: चेंडूमागे धावणारी नजर. गोल होतात त्या किंचित हवा काढलेल्या व्हॉलीबॉलने, मान्य. पण सामना फिरवतात बीटर, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांच्या अंगावर डॉजबॉल नावाचे चेंडू मारणारे खेळाडू. दोन्ही संघांचे मिळून चार बीटर आणि त्यांचे डॉजबॉल तीनच. ज्यांच्याकडे त्यातले दोन, त्यांचा वरचष्मा. डॉजबॉल लागला की खेळाडूने दांडा पायातून काढायचा, आपल्या गोलाच्या कड्याला हात लावून यायचं आणि मगच खेळायचं. तेवढ्या वेळात बचावाला भगदाड पडतं!

सुरुवात २०१६ च्या फ्रँकफर्टच्या अंतिम सामन्यापासून कर. तोवर अजिंक्य असलेल्या अमेरिकेला ऑस्ट्रेलियाने १५०-१३० असं हरवलं. तेव्हा स्निच (तटस्थ धावपटूच्या कमरेला लटकवलेला चेंडू) पकडण्याचे ३० गुण होते, म्हणजे हिशेब तूच कर. २०१८ ला फ्लॉरेन्समध्ये आणि २०२३ ला रिचमंडमध्ये अमेरिकाच जिंकली. तेही बघ, पण फ्रँकफर्टची मजा नाही.

जुने सामने बघताना त्या वर्षीचे नियम आधी वाच, ते बदलत असतात. आणि ‘क्विडिच’ म्हणून शोध, क्वाडबॉल हे नाव २०२२ चं.