'ओलीस' आणि 'अपहृत' : फरक काय?

'अपहृत' आणि 'ओलीस' हे शब्द बातम्यांत एकमेकांच्या जागी येतात, ते समानार्थी आहेत का, असा प्रश्न आला आहे.

नाहीत. अपहृत म्हणजे पळवून नेलेला. ओलीस म्हणजे ज्याच्या जिवावर तिसऱ्याशी सौदा चाललाय तो. पूर्वी ओलीस तहाच्या हमीपोटी मागून घेत. 1792च्या श्रीरंगपट्टणच्या तहात टिपूने आपले दोन मुलगे इंग्रजांकडे ओलीस ठेवले. ते 1794 मध्ये परत गेले. तिथे 'ओलीस ठेवणे' शोभते. दहशतवाद्यांनी माणसे अडकवली, तर 'ओलीस धरले' म्हणावे.

असा प्रसंग किती लांबतो, कसा संपतो, हेही सौद्यावरच ठरते. 24 डिसेंबर 1999 ला आयसी 814 या भारतीय प्रवासी विमानाचे अपहरण झाले. विमान अमृतसरहून निसटून शेवटी तालिबानच्या कंदाहारला उतरले आणि कमांडो कारवाईची वाट जवळपास बंद झाली. 31 डिसेंबरला तीन अतिरेकी सोडावे लागले.

पेरूची राजधानी लिमामध्ये उलटे घडले. 17 डिसेंबर 1996 ला बंडखोरांनी जपानी राजदूताच्या घरी मेजवानीला आलेले शेकडो पाहुणे धरले. बहुतेकांना लवकर सोडले, शेवटी 72 उरले. तुरुंगातले साथीदार सोडायला राष्ट्राध्यक्ष फुजिमोरी तयार नव्हते. पण घर काही जागचे हलणार नव्हते, त्यामुळे सरकारला वेळ काढता आला. वर बोलणी चालू, खाली भुयारे खणणे चालू! 22 एप्रिलला बंडखोर आत फुटबॉल खेळत असताना स्फोट करून कमांडो घुसले. एक ओलीस, दोन जवान आणि चौदाही बंडखोर मेले. लंडनच्या इराणी वकिलातीत 1980 साली बंदूकधाऱ्यांनी माणसे ओलीस धरली होती; सहाव्या दिवशी त्यांनी एका ओलिसाला ठार केले, तशी बोलणी संपली आणि त्याच संध्याकाळी कमांडो घुसले.

26/11 ला ताज आणि ओबेरॉयमध्ये खोल्यांत दडून बसलेल्यांनाही सरसकट ओलीस म्हटले गेले. त्यांतले बहुतेक 'अडकलेले' होते; ते कुठे आहेत हे मारेकऱ्यांना ठाऊकही नव्हते. नरिमन हाऊसमध्ये मात्र माणसे खरोखर ओलीस धरली होती.

'ओलीसनाट्य' हा शब्द मला अजिबात पटत नाही. माणसे मरत असताना त्याला नाट्य कसे म्हणायचे? 'ओलीस प्रकरण' पुरेसे आहे. आणि सामान्यरूपात 'ली' ऱ्हस्व होते : ओलिसाला, ओलिसांची सुटका.