ट्रूमन, ड्यूई आणि लवकर सुटलेली आवृत्ती

प्रश्न : आमच्या ग्रुपवर एक जुना फोटो फिरतोय. 'ड्यूईंकडून ट्रूमन पराभूत' असा इंग्रजी मथळा असलेलं वर्तमानपत्र खुद्द ट्रूमनच हसत उंच धरून उभे आहेत. फोटो बनावट आहे का?
— एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : नाही हो, फोटो अस्सल आणि अंकही अस्सल. बातमी तेवढी खोटी! निवडणूक होती अमेरिकेच्या अध्यक्षपदाची : तेव्हाचे अध्यक्ष हॅरी ट्रूमन विरुद्ध रिपब्लिकन पक्षाचे थॉमस ड्यूई. अंक 'शिकागो डेली ट्रिब्यून'चा, तारीख ३ नोव्हेंबर १९४८. ट्रूमन यांनी तो हातात धरला ४ तारखेला, सेंट लुईस स्टेशनात, आपल्या रेल्वेच्या डब्यातून. म्हणजे अंक शिळा झाला होता आणि ते निवडून आले होते.

लोक म्हणतात, संपादकांना घमेंड नडली. थोडी नडलीच. पण मी नागपुरात वर्तमानपत्राच्या रात्रपाळीत आयुष्य काढलंय, माझं लक्ष आधी घड्याळाकडे जातं. ट्रिब्यूनचे छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवणारे कामगार तेव्हा बरेच महिने संपावर होते. मजकूर टाइपरायटरवर टंकायचा, कागद चिकटवून पान तयार करायचं, त्याचा फोटो काढून ब्लॉक म्हणजे छपाईचा ठसा करायचा, मग छपाई. या खटाटोपात पानं नेहमीपेक्षा कितीतरी तास आधी सोडावी लागत. त्या अंकात काही ओळी चक्क उलट्या छापल्या गेल्यात, घाई किती होती बघा.

मतमोजणी जेमतेम सुरू झालेली. वॉशिंग्टनचे जुनेजाणते वार्ताहर आर्थर सिअर्स हेनिंग यांनी ड्यूई येणार असं सांगितलं, जनमत चाचण्याही तेच म्हणत होत्या. लावला मथळा ठोकून. आमच्याकडे गडचिरोली-चंद्रपूरची डाक आवृत्ती अशीच लवकर सुटायची, गाडी कुणासाठी थांबत नसे. पण मोजणीच्या रात्री तिच्यात फक्त आघाडी-पिछाडी द्यायची आणि कोण जिंकलं ते शहर आवृत्तीत, असा आमचा शिरस्ता होता.

रात्री आकडे फिरले तसा ट्रिब्यूननं मथळा बदलला. तोवर सुमारे दीड लाख प्रती छापून झाल्या होत्या. अखेर ट्रूमन यांना ३०३ इलेक्टोरल मतं (राज्यवार ठरणारी, अध्यक्ष निवडणारी मतं) मिळाली, ड्यूईंना १८९.

आता ते हसू. ट्रिब्यून कट्टर रिपब्लिकन, ट्रूमन डेमोक्रॅट. याच वर्तमानपत्रानं त्यांना पूर्वी बिनडोक ठरवलं होतं. हाती आलेला असा अंक कोण सोडेल?