सामोयेड आणताय? आधी कंगवा घ्या

सामोयेड जातीचा कुत्रा घ्यायचं ठरलंच असेल तर आधी केसांचं बोलू. याचा कोट दुहेरी असतो: आत लोकरीसारखा दाट थर, वर राठ, सरळ केस. वरवर ब्रश फिरवला की कुत्रा झकास दिसतो, पण आतला गुंता तसाच राहतो. एका हाताने केस उलटे धरा आणि कातडी दिसेपर्यंत भांग पाडत स्टीलच्या कंगव्याने विंचरा. कानामागे आणि काखेत गाठी हमखास सापडतात. वर्षातून एक-दोनदा आतला थर झडतो, तेव्हा हे रोजचंच काम. उन्हाळ्यात "बिचाऱ्याला उकडतंय" म्हणून मशीन मात्र लावू नका. तोच कोट ऊन अडवतो, आणि कापलेला पुन्हा नीट येईलच असं नाही. फिरायला पहाटे न्या.

स्वभाव गोड. राखणीसाठी घेत असाल तर विसरा, चोराचंही स्वागत करेल! सायबेरियात रेनडिअर राखणारी, स्लेज ओढणारी ही जात, त्यामुळे भुंकणं आणि पट्टा खेचणं रक्तातच आहे. नर 30 किलोपर्यंत भरतो, तेव्हा पट्ट्याची शिस्त पिल्लू असतानाच लावा. तासन्‌तास एकटं ठेवलंत तर सोफ्याचं काही खरं नाही.

पिल्लू ठरवताना आईवडिलांच्या खुब्यांचे आणि डोळ्यांचे तपासणी अहवाल मागा. टाळाटाळ झाली तर पिल्लू कितीही गोंडस असो, सरळ निघून या.