त्रेचाळीस ओळींची शीट

पत्र

प्रिय मावशी,

मी एकोणीस वर्षांची आहे. शिकायला घरापासून रात्रभराच्या प्रवासावर असलेल्या मोठ्या शहरात आले. यायच्या आधी महिनाभर बसून मी एक एक्सेल शीट केली होती. संग्रहालयं, तलाव, नाट्यगृह, तारांगण, जुन्या पुस्तकांचा बाजार, अशा ४३ ओळी. कुठली बस, किती तिकीट, कुठल्या वारी बंद, सगळं. पाहून झालेली ओळ हिरवी करायची असं ठरवलं होतं. चार महिने झाले, दोनच ओळी हिरव्या आहेत. त्यातली एक कॉलेजनंच नेलं म्हणून.

दर रविवारी ठरवते, असाइनमेंट संपली की निघायचं. ती संपत नाही. दुपारी चारला मी पलंगावर पडून इतरांचे फोटो बघत असते. बाहेर पडायचं म्हटलं की बाबांचे पैसे डोळ्यांपुढे येतात, नाही पडलं तर वाटतं, मग इतक्या लांब आलेच कशाला? रूममेटनं सुरुवातीला दोनदा ‘येतेस का’ म्हणून विचारलं, मी अभ्यासाचं कारण दिलं. आता ती विचारत नाही. तिला मी कंटाळवाणी वाटत असणार. खरी मैत्रीण म्हणावी अशी अजून एकही नाही.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे, आई फोनवर विचारते, ‘काय काय पाहिलंस?’ आणि मी शीटमधल्या जागांची वर्णनं करते. न पाहिलेल्या जागांची. मागच्या रविवारी तिला तलावाकाठचा सूर्यास्त सांगितला. ती इतकी खूश झाली की मला रात्रभर झोप लागली नाही. शीटचा फोटो सोबत पाठवतेय. माझं काय चुकतंय?

– शीटवाली

उत्तर

शीटवाले,

खोटा असला तरी तुझा सूर्यास्त चांगलाच झाला असणार. रात्रभर झोप लागली नाही, हेही बरंच झालं. त्याबद्दल नंतर बोलू.

आधी शीट. फोटो मोठा करून मी ती अथपासून इतिपर्यंत वाचली. काम चोख आहे. पण ही पाहुण्याची यादी आहे गं. तीन दिवसांसाठी आलेला माणूस अशी यादी करतो, कारण चौथ्या दिवशी त्याची गाडी असते. तू तिथं काही वर्षं राहणार आहेस. राहणारी माणसं शहर ‘बघत’ नाहीत. इतकी वर्षं मी ज्या शहरात राहते, तिथलं संग्रहालय मी दोनदा पाहिलंय आणि दोन्ही वेळा पाहुणे आले होते म्हणून. तेव्हा ४३ पैकी २ हा तुझा निकाल आहे असं समजू नकोस. पेपरच दुसऱ्याचा होता.

त्या शीटमध्ये मला एक ओळ मात्र वेगळी दिसली. एकतिसावी, नाट्यगृहाची. बाकी सगळीकडे तू वेळ आणि बस लिहिलीस. इथं शेवटच्या रकान्यात लिहिलंयस, ‘रविवारी सकाळी तालीम बघू देतात का??’ दोन प्रश्नचिन्हांसकट. बेचाळीस ओळी तू इकडून तिकडून गोळा केल्यास, ही एक तुझ्या मनातून आली. मला त्याच ओळीबद्दल बोलायचंय.

त्याआधी त्या न संपणाऱ्या असाइनमेंटचं बघू. १९९४ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. पदवीचा प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं, किती दिवसांत संपेल? त्यांचा अंदाज सरासरी ३४ दिवसांचा होता. प्रत्यक्षात लागले ५५हून जास्त. स्वतःच्या कामाला किती वेळ लागेल हे माणसाला सांगताच येत नाही, आणि गेल्या वेळी चुकलं होतं हे माहीत असूनही येत नाही. म्हणजे तू आळशी नाहीस. ‘अभ्यास संपला की जाईन’ या वाक्यातच घोळ आहे. संपणं हे कधी घड्याळात येत नाही, दहा वाजणं येतं. रविवारी सकाळी दहाला निघायचं, असाइनमेंट जिथं असेल तिथं सोडून. एकला परत येऊन पुन्हा तिच्यासमोर बस. मला वाटतं ती थोडी लवकरच संपेल, कारण चारपर्यंत पलंगावर तू अभ्यासही करत नव्हतीस आणि आरामही.

आता माझी गोष्ट सांगते. मी शिकायला बाहेर पडले तेव्हा यादीबिदी काही नव्हती, माहितीच नव्हती तर यादी कुठून येणार? वसतिगृहाच्या कोपऱ्यावर एक बस थांबायची. तिच्या पाटीवर जे नाव होतं तिथं काय आहे हे कुणालाच धड सांगता येईना. एका रविवारी मी चढले आणि शेवटच्या थांब्यापर्यंत गेले. तिथं काहीही नव्हतं. पत्र्याची शेड, एक गळका नळ, दोन बाकं. ड्रायव्हर-कंडक्टर हातपाय धुऊन वीस मिनिटं पाठ टेकायचे, मग तीच बस परत निघायची. मीही तिच्यातूनच परत आले. पुढच्या रविवारी पुन्हा गेले, आणि मग जातच राहिले. मध्ये तापामुळे एक रविवार चुकला. त्यानंतर चढले तर कंडक्टरनं न विचारताच तिकीट फाडून हातात दिलं आणि म्हणाला, “मागल्या रविवारी दिसला नाहीत?”

त्या अख्ख्या शहरात मी नाही हे कुणाच्या तरी लक्षात आलं होतं. मी खिडकीकडे तोंड करून बसले, कारण डोळे भरले होते आणि कंडक्टरसमोर रडायचं नव्हतं.

(तू असं निर्जन थांब्यापर्यंत एकटीनं जाऊ नकोस. मला काही झालं नाही ते नशिबानं.)

कंडक्टरनं मला ओळखलं ते मी पुन्हा पुन्हा गेले म्हणून. १९५०च्या सुमारास अमेरिकेत एका विद्यापीठाच्या विद्यार्थी-वसाहतीत संशोधकांनी बघितलं की कुणाची कुणाशी मैत्री होते. स्वभाव, आवडीनिवडी याहीपेक्षा घराचं दार कुठं आहे याला महत्त्व निघालं. तळमजल्यावर जिन्याशेजारी राहणाऱ्यांच्या वरच्या मजल्यावर जास्त ओळखी होत्या, कारण वरची माणसं रोज त्यांच्या दारावरून जात होती. तुझी खोली, तुझा पलंग, तुझा मोबाईल, यांच्यावरून कुणी जात नाही. आणि ४३ ठिकाणी एकेकदा गेलीस तरी कुठंच तू कुणाला दुसऱ्यांदा दिसणार नाहीस.

तेव्हा नाट्यगृह. येत्या रविवारी जा आणि ते प्रश्नचिन्ह सोडवून ये. फाटकावरच्या माणसाला विचार, तालमी कधी असतात, बसून बघता येतं का. नाही म्हणाला तर हौशी मंडळी तालमी कुठं करतात ते विचार, त्याला नक्की माहीत असतं. अशा मंडळींना पडदा ओढायला, खुर्च्या मांडायला, कुणी वाक्य विसरलं तर आठवण करून द्यायला माणूस कायम हवाच असतो. तुला अभिनय यायची गरज नाही. पहिल्या रविवारी तू अवघडून शेवटच्या रांगेत बसशील, दुसऱ्या रविवारीही. सलग सहा रविवार जा, मग ठरव. वसतिगृहाचं फाटक बंद व्हायच्या आत परत यायचं, हे सांगायला नकोच.

‘चार महिने झाले तरी एकही मैत्रीण नाही’ याचा हिशेबही जरा मांडून बघ. २०१८ साली कॅन्सस विद्यापीठातल्या एका संशोधकानं नव्या शहरात आलेली माणसं आणि पहिल्या वर्षाचे विद्यार्थी यांचा अभ्यास केला. ओळखीचं साध्या मैत्रीत रूपांतर व्हायला साधारण ५० तास एकत्र घालवावे लागतात, जिवलग व्हायला २००च्या वर. हे तास गप्पाटप्पांचे, हसण्याखेळण्याचे, नुसतं बरोबर असण्याचे. वर्गात शेजारी बसून घालवलेल्या वेळाचा तितका उपयोग होत नाही. आता सांग, कुणाबरोबर तरी तुझे तास किती झालेत? दोन? तीन? आठवड्याला दोन तास धरले तर ५० व्हायला सहा महिने लागतात. म्हणजे अजून तू सुरुवातच केलेली नाहीस, अपयशाची गोष्ट दूरच राहिली.

रूममेटबद्दल तुझं एक वाक्य मला खटकलं. ‘तिला मी कंटाळवाणी वाटत असणार.’ हे तिनं सांगितलं का? नाही. दोनदा नकार मिळाल्यावर तिनं विचारणं थांबवलं, एवढंच घडलं. तिच्या बाजूनं बघितलंस तर ती म्हणत असेल, हिला माझ्याबरोबर यायचं नसतं. माणसं पहिल्यांदा बोलून उठली की समोरच्याला आपण किती आवडलो याचा अंदाज खऱ्यापेक्षा कमी धरतात, हे संशोधनातूनही पुढे आलंय. वसतिगृहात एकत्र राहणाऱ्या मुलांमध्ये तर हा गैरसमज कित्येक महिने टिकलेला आढळला. आता विचारायची पाळी तुझी आहे. मोठा बेत नको, आज संध्याकाळी फाटकापर्यंत चक्कर मारायला येतेस का, एवढंच विचार. नाही म्हणाली तर दोन दिवसांनी पुन्हा विचार. तिनंही दोनदा विचारलं होतं.

पैशांचं फार बोलत नाही. तालीम बघायला तिकीट नसतं. महिन्याला ठरावीक रक्कम बाजूला काढ आणि ती बाबांना सांगून टाक. एकदा सांगितलेल्या पैशांची टोचणी लागत नाही.

फोटो बघणं बंद कर, असं मी सांगणार नाही, कारण तू ऐकणार नाहीस आणि मीही बघते. फक्त रविवारी दहाच्या आत नको.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे. रविवारीच नव्हे, रोजच उठावंसं वाटत नसेल, जेवण-झोप बिघडली असेल, आवडीच्या गोष्टीतही मन लागत नसेल आणि हे दोन आठवडे सलग चाललं असेल, तर हा शीटचा प्रश्न नाही. कॉलेजात समुपदेशक असतील तर त्यांच्याकडे जा, नसतील तर डॉक्टरांकडे. मला पुन्हा लिही, पण आधी तिकडे जा.

आणि आता आई. तिला शहर बघायचं नाहीये, तिला तू दिसायला हवी आहेस. तलाव ऐकून ती खूश झाली नाही, ‘पोरगी बाहेर पडते, मजेत आहे’ हे ऐकून खूश झाली. म्हणून तर तुला झोप आली नाही. पुढच्या फोनवर सांग, आई, तो सूर्यास्त मी पाहिला नव्हता. मग गप्प बस, तिला बोलू दे. कदाचित चिडेल. बहुधा विचारेल, मग करतेस काय दिवसभर? त्याचं खरं उत्तर दे, पलंग, मोबाईल, असाइनमेंट सगळं. त्यानंतर एकतिसाव्या ओळीचं सांग. फाटकावरचा माणूस कसा होता, तो काय म्हणाला, तू कुठं बसलीस. त्यात सूर्यास्त नसेल, पण सांगताना तुला शीट उघडावी लागणार नाही.

शीट पुसून टाकू नकोस हं. कधीतरी आई तीन दिवसांसाठी तुझ्याकडे येईल, आणि तेव्हा बसचे नंबर, तिकिटं, बंद असायचे वार, तुझी सगळी मेहनत कामी येईल. तलावाची ओळ तोवर पांढरीच ठेव.

– तुझी मावशी