डब्ल्यूटी-८ चा बँड नाही, म्यूट-३ चाही नाही: अशा स्ट्रिपचा अर्थ कसा लावावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. क्षयरोगाच्या लाइन प्रोब तपासणीत (जिवाणूच्या जनुकांतील बदल स्ट्रिपवरच्या रेघांवरून, म्हणजे बँडवरून, ओळखणाऱ्या तपासणीत) एका रुग्णाच्या स्ट्रिपवर आरपीओबी जनुकाचा मूळ, न बदललेला क्रम दाखवणारा डब्ल्यूटी-८ हा बँड उमटला नाही, आणि त्याच जागेवरचा नेहमीचा बदल दाखवणारा म्यूट-३ हा बँडही उमटला नाही. बाकीचे सारे बँड ठळक होते. वरिष्ठांनी रिफाम्पिसिन या क्षयावरच्या मुख्य औषधाला प्रतिरोध असल्याचा रिपोर्ट दिला. पुढे काही आठवड्यांनी त्याच रुग्णाच्या कल्चरची, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या जिवाणूंची, एमजीआयटी पद्धतीने (द्रव माध्यमाच्या नळीत वाढ मोजून) केलेली औषध-संवेदनशीलता चाचणी मात्र ‘संवेदनशील’ आली. तेव्हा दोहोंपैकी कोणती तपासणी चुकली, असे तुम्ही विचारले आहे. अशा प्रकरणांत पुष्कळदा दोन्ही तपासण्यांनी आपापले काम बरोबर केलेले असते. म्हणून आधी प्रोब नेमके काय सांगतो, हे समजून घेणे आवश्यक आहे.

प्रोबला प्रतिरोध कळत नाही. तो डीएनएचा एक लहानसा एकपदरी तुकडा असतो आणि समोरचा पदर आपल्याशी अक्षरश: जुळतो की नाही, एवढेच तो सांगू शकतो. लाइन प्रोबमध्ये असे अनेक प्रोब नायट्रोसेल्युलोजच्या स्ट्रिपवर ओळीने पक्के बसवलेले असतात. रुग्णाच्या नमुन्यातील जनुकाचा भाग पीसीआरने वाढवताना, म्हणजे त्याच्या असंख्य प्रती काढताना, प्रायमरला (ज्या लहान तुकड्यापासून प्रत सुरू होते त्याला) बायोटिन हा खुणेचा रेणू जोडलेला असतो. म्हणून जो तुकडा प्रोबला चिकटून राहील, त्यावर पुढे बायोटिनला पकडणारे स्ट्रेप्टाव्हिडिन आणि रंग आणणारे अल्कलाइन फॉस्फटेज बसते व जांभळट रेघ उमटते. खरा निवाडा मात्र रंगाच्या पायरीवर होत नाही. तो त्याआधीच्या कडक धुण्यात, म्हणजे स्ट्रिंजंट वॉशमध्ये होतो. अ‍ॅडेनिन-थायमिनच्या जोडीमागे सुमारे दोन अंश आणि ग्वानिन-सायटोसिनच्या जोडीमागे सुमारे चार अंश, असा लहान प्रोबच्या वितळण्याच्या तापमानाचा ढोबळ हिशेब केला जातो. अशा तुकड्याच्या मधोमध एकच अक्षर विजोड असले, तरी हे तापमान काही अंशांनी खाली येते. पूर्ण जुळलेली जोडी ४५ अंश सेल्सिअसला टिकावी आणि एका अक्षराने बिघडलेली सुटून जावी, या अरुंद फटीवर संपूर्ण तपासणी उभी आहे. एडविन सदर्न यांनी १९७५ मध्ये डीएनएचे तुकडे पटलावर उतरवून प्रोबने शोधण्याची पद्धत मांडली, तीही याच तत्त्वावर चालत होती.

यावरून पुढची गोष्ट निघते आणि माझ्या मते तुमच्या प्रश्नाचे मर्म तीच आहे. उमटलेला बँड आणि न उमटलेला बँड हे दोन वेगळ्या प्रतीचे पुरावे आहेत. म्यूट-३ उमटला, तर ५३१ व्या कोडॉनवर (एका अमिनो आम्लाचा संकेत देणाऱ्या तीन अक्षरांच्या गटावर) सेरीनच्या जागी ल्युसीन आणणारा बदल तिथे आहे, असे आपण ठामपणे म्हणू शकतो, कारण तो ओळखण्यासाठीच तो प्रोब बनवला आहे. डब्ल्यूटी-८ उमटला नाही, याचा अर्थ मात्र एवढाच की ५३० ते ५३३ या कोडॉनांच्या पट्ट्यात काहीतरी जुळत नाही. काय जुळत नाही, हे स्ट्रिपने सांगितलेले नाही. म्हणूनच अशा निकालाला ‘प्रतिरोध आढळला’ असे न म्हणता ‘प्रतिरोध अनुमानित’ म्हणतात.

अनुमानापर्यंत जाण्यापूर्वी स्ट्रिपवर शंका घेणे हे आपले पहिले कर्तव्य आहे. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत, मी काम करत असलेल्या एका प्रयोगशाळेत, एकाच ट्रेमधील बहुतेक स्ट्रिपांवर डब्ल्यूटीचे दोन-तीन बँड फिकट येऊ लागले. रुग्ण वेगवेगळ्या गावांचे होते, पण फिकेपणा सगळीकडे सारखाच होता. हायब्रिडायझेशनच्या, म्हणजे तुकडे प्रोबशी जुळवण्याच्या, यंत्रावर ४५ हा आकडा दिसत होता. ट्रेच्या खाचेत वेगळा थर्मामीटर धरला, तेव्हा प्रत्यक्ष तापमान जवळजवळ ४८ निघाले. त्या दिवशी एच३७आरव्ही या ज्ञात संवेदनशील जिवाणूची नियंत्रण स्ट्रिप सोबत लावलेली नसती, तर किती रुग्णांना नको ती औषधे सुरू झाली असती, हा विचार आजही मला अस्वस्थ करतो. तेव्हा नियंत्रण स्ट्रिप, कॉन्जुगेट आणि अ‍ॅम्प्लिफिकेशन कंट्रोल (रंगाची आणि पीसीआरची पायरी नीट झाल्याची खूण देणारे बँड), आरपीओबीचा लोकस कंट्रोल (ते जनुक सापडल्याची खूण देणारा बँड), बफर पुरेसे गरम करून त्यातील खडे विरघळले होते की नाही, आणि स्ट्रिप द्रावात पूर्ण बुडाली होती की नाही, हे सर्व तपासा. तुमच्या वर्णनानुसार शेजारचे बँड ठळक आहेत आणि फक्त डब्ल्यूटी-८ पूर्णपणे गायब आहे, त्यामुळे तांत्रिक कारण मला कमी संभवनीय वाटते. तरीही डीएनए पुन्हा काढून स्ट्रिप एकदा परत लावावी.

स्ट्रिप निर्दोष ठरली की जनुकाकडे वळायचे. काही वेळा अक्षर बदलते पण प्रथिनातील अमिनो आम्ल तेच राहते. ५१४ व्या कोडॉनवरचा असा निरुपद्रवी बदल डब्ल्यूटी-३ चा बँड घालवतो आणि खोटाच प्रतिरोध दाखवतो, हे अनेकदा नोंदवले गेले आहे. तुमच्या प्रकरणात मात्र डब्ल्यूटी-८ गेलेला आहे, म्यूट-३ आलेला नाही आणि एमजीआयटी संवेदनशील आहे. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की माझे लक्ष प्रथम ५३३ व्या कोडॉनकडे जाते, जिथे ल्युसीनच्या जागी प्रोलीन येते. (क्षयाच्या जिवाणूच्या स्वत:च्या क्रमांकनात हेच स्थान ४५२ आहे. जुने आकडे ई. कोलायच्या जनुकावरून घेतलेले असून दोन्हींत ८१ चा फरक पडतो. सिक्वेन्सिंगचा, म्हणजे जनुकाची अक्षरे क्रमाने वाचण्याच्या तपासणीचा, रिपोर्ट वाचताना हा घोटाळा हमखास होतो.) या बदलामुळे येणारा प्रतिरोध सौम्य असतो. एमजीआयटीमध्ये औषध असलेल्या नळीतील वाढीची तुलना शंभरपट विरल केलेल्या नियंत्रण नळीशी ठरावीक दिवसांत केली जाते. असा जिवाणू औषधात वाढतो, पण सावकाश वाढतो, आणि मुदतीत उंबरठा न गाठल्यामुळे ‘संवेदनशील’ ठरतो. याच कारणाने जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये रिफाम्पिसिनची निर्णायक मात्रा (चाचणीच्या नळीत घालायचे प्रमाण) प्रति लिटर १ मिलिग्रॅमवरून ०.५ मिलिग्रॅमवर आणली. तुमच्या प्रयोगशाळेत कोणती मात्रा वापरली गेली, हे अवश्य विचारा. ही मात्रा कमी केल्यावरही असे काही जिवाणू निसटतात.

अशा सीमारेषेवरच्या बदलांना क्षुल्लक समजू नये, असे मी आग्रहाने सांगतो. आरपीओबीतील सात बदलांना जागतिक आरोग्य संघटनेने या गटात धरले आहे आणि ५३३ चा बदल त्यांपैकी एक आहे. असे बदल असलेल्या रुग्णांना नेहमीचाच उपचार दिल्यास तो अयशस्वी होण्याचा किंवा आजार उलटण्याचा धोका वाढतो, म्हणून त्यांना प्रतिरोधी मानूनच उपचार ठरवावा, अशी भूमिका आहे. त्यामुळे ‘कल्चर हे अंतिम, ते संवेदनशील आले म्हणजे प्रोब खोटा’ हा निष्कर्ष रुग्णाला महागात पडू शकतो.

तुम्ही असेही विचारले आहे की सीबीनाटवर (एक्सपर्ट कार्ट्रिज वापरणाऱ्या स्वयंचलित जनुक-तपासणीवर) नमुना पुन्हा चालवला तर वाद मिटेल का. अपेक्षित उत्तर मिळणार नाही. त्या कार्ट्रिजमध्ये मॉलिक्युलर बीकन असतात, ज्यांची रचना संजय त्यागी आणि फ्रेड क्रेमर यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केली. हा प्रोब केसांच्या आकड्यासारखा स्वत:वरच दुमडलेला असतो. एका टोकाला प्रकाश देणारा रेणू आणि दुसऱ्या टोकाला तो प्रकाश शोषणारा रेणू जवळजवळ असल्यामुळे तो अंधारात असतो; जुळणारा पदर भेटला की आकडा उघडतो आणि उजेड पडतो. जोडीत एक अक्षर विजोड असेल, तर त्या कमकुवत जोडीपेक्षा दुमडून राहणेच त्याला सोयीचे पडते, आणि म्हणून तो भेद इतका चोख करतो. पण पहिल्या एक्सपर्ट कार्ट्रिजमधील असे पाच प्रोब ज्या ८१ अक्षरांवर पसरलेले आहेत, तोच ५०७ ते ५३३ कोडॉनांचा भाग तुमची स्ट्रिपही पाहते. गोव्यातील मोलबायो कंपनीची ट्रूनॅट ही तपासणीही रिफाम्पिसिनसाठी याच भागाकडे पाहते. म्हणजे तीन साक्षीदार एकाच खिडकीतून डोकावत आहेत; त्यांचे एकमत झाले, तर तिथे बदल आहे एवढेच पक्के होईल, तो कोणता हे कळेलच असे नाही. एक्सपर्टचीच पुढची अल्ट्रा कार्ट्रिज वितळण्याच्या तापमानावरून अधिक बारकाईने पाहते, पण नमुन्यात जिवाणू अगदीच कमी असतील आणि निकाल ‘ट्रेस’ आला, तर रिफाम्पिसिनबद्दल ते काहीच सांगत नाही. या खिडकीबाहेरचे तर कुणालाच दिसत नाही. एस्वातिनी या देशात, तेव्हाच्या स्वाझीलँडमध्ये, ४९१ व्या स्थानावरच्या (क्षयाच्या जिवाणूच्या स्वत:च्या क्रमांकनानुसार) बदलाचे बहुऔषध-प्रतिरोधी जिवाणू मोठ्या प्रमाणावर पसरलेले आढळले आणि एक्सपर्टला ते ओळखता आले नव्हते.

तेव्हा तुमच्या रुग्णासाठी योग्य मार्ग आरपीओबीच्या सिक्वेन्सिंगचा आहे. कल्चर हाती असल्याने त्याचाच डीएनए पाठवता येईल, मात्र मूळ बेडक्याचा नमुना शिल्लक असेल तर तोही पाठवा, कारण रुग्णात दोन प्रकारचे जिवाणू मिसळलेले असतील, तर कल्चरमध्ये जोमाने वाढणारा प्रकार दुसऱ्याला मागे टाकतो. ५३१ व्या कोडॉनवर दुर्मिळ वेगळा बदल निघाला, तर एमजीआयटीच्या निकालाची, नळ्यांच्या अदलाबदलीसकट, नव्याने चौकशी करावी लागेल. ५३३ चा निघाला, तर दोन्ही निकाल आपापल्या जागी बरोबर ठरतील. तोवर रिपोर्टमध्ये ‘डब्ल्यूटी-८ अनुपस्थित, म्यूट-३ अनुपस्थित, रिफाम्पिसिन प्रतिरोध अनुमानित, सिक्वेन्सिंग प्रलंबित’ असे स्पष्ट लिहा आणि एमजीआयटीचा निकाल त्याखाली वेगळ्या ओळीत, वापरलेल्या मात्रेसह द्या. आयसोनियाझिड या क्षयावरच्या दुसऱ्या मुख्य औषधाशी संबंधित कॅट-जी आणि इनहा या जनुकांचे बँडही त्याच रिपोर्टमध्ये नावानिशी लिहा. कॅट-जीच्या ३१५ व्या कोडॉनवरचा बदल आयसोनियाझिडला तीव्र प्रतिरोध देतो, तर इनहाच्या प्रमोटरमधील (जनुक चालू करणाऱ्या भागातील) बदल सौम्य प्रतिरोध देतो पण सोबत इथिओनामाइड हे औषधही निकामी करतो; उपचार ठरवणाऱ्या डॉक्टरांना हा भेद ‘आयसोनियाझिड प्रतिरोधी’ या दोन शब्दांतून कळत नाही. स्ट्रिप वाळवून, पारदर्शक टेपखाली चिकटवून, अंधाऱ्या जागी जपून ठेवा आणि तिच्याच शेजारी त्या दिवशीची नियंत्रण स्ट्रिपही ठेवा. सिक्वेन्सिंगचा निकाल आला की त्या दोन्ही समोर ठेवूनच तो वाचावा लागेल.